झेनच्या दारांची रबरं बदलायला गेलो, चार नाही दोनच बदलून आलो (वडाळा नाका, नाशिक)

आमची मारुती झेन गाडी २००२ ची, पप्पांनी घेतलेली, दोनदा पासिंग रिन्यू झालंय पण विकायचा विषय घरात कोणी काढत नाही. मागच्या पावसाळ्यात घोटी-इगतपुरी करून आलं की ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग अक्षरशः पिळावं लागायचं, आणि दोन दिवस काचा लावून गाडी उभी राहिली की आत इतका कुबट वास की बायको म्हणाली तुम्ही या गाडीने, मी रिक्षाने जाते. वर हायवेला ८० च्या पुढे गेलं की डाव्या मागच्या दारातून शिट्टी. ज्याला विचारलं तो एकच सांगणार, रबरं गेली, चारही टाकून घे.

शोरूमला कंपनीचं रबर ऑर्डरवर येईल म्हणाले, कधी ते काही सांगेनात. मग वडाळा नाक्याकडे एक चाचा दारांच्या रबराचं अन् काचेचं काम करतात तिथे गेलो. दुकान म्हणजे टपरीच, नाव टाकत नाही कारण पुढे थोडी तक्रार पण आहे.

मला वाटलं गेल्या गेल्या रबराचं बंडल काढतील. चाचांनी आधी माझ्याकडे २० ची नोट मागितली, म्हटलं चहाला असेल, तर ती दारात धरून दार लावलं आणि ओढून बघितली. असं प्रत्येक दाराला चार-पाच ठिकाणी. दोन दारांना नोट फाटेल की काय इतकी घट्ट, डाव्या मागच्या दारातून मात्र अलगद हातात आली, आणि ड्रायव्हरच्या दारात वरच्या कोपऱ्याला ढिली. मग मला आत बसवून मोबाईलची बॅटरी लावायला सांगितली अन् बाहेरून पाइपने पाणी. आणि गंमत म्हणजे पायाखालचं पाणी रबरातून येतच नव्हतं, दाराच्या आतल्या बाजूच्या पॅडखालून येत होतं!

पॅड उघडलं तर आतली प्लास्टिकची शीट टराटरा फाडलेली. ती शीट असते हेच मला माहीत नव्हतं. काचेवरचं पाणी दाराच्या आत उतरतंच, नवीन गाडीत पण उतरतं, ते खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं आणि ही शीट ते गाडीत येऊ देत नाही. चार वर्षांपूर्वी स्पीकर बसवले तेव्हा त्या स्पीकरवाल्याने शीट फाडली अन् तशीच सोडून पॅड ठोकलं. खालची भोकं पण मातीने बुजलेली, चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर घातला तर पेलाभर गढूळ पाणी निघालं.

मग म्हणाले, "भाऊ, बाकीची दोन कंपनीची आहेत, नरम आहेत अजून. ती काढून मी माझा लोकल माल लावू का?" असं बोलणारा दुकानदार मी तरी पहिल्यांदाच बघितला.

माल दोन प्रकारचा होता. स्वस्तातला बोटाने दाबला तर दबलेलाच राहतो, तो घेऊ नका, दुसरा दाबून सोडला की लगेच फुगतो, तो घेतला. जुनं रबर काढल्यावर पत्र्याच्या कडेला गंज होता, तो पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) मारलं आणि वाळेपर्यंत हातच लावला नाही. बसवताना रबर अजिबात ओढायचं नाही, ओढून लावलं की नंतर आक्रसतं अन् कोपऱ्यात फट पडते, म्हणून बोटभर जास्तच ठेवून दाबत आणलं, जोड दाराच्या खालच्या बाजूला. शीट नवीन कापून चिकटवली.

आता तक्रार. दोन तास म्हणाले, संध्याकाळचे सात वाजले. बिल नाही, फक्त कॅश. रबर काळं, आमचं इंटिरियर राखाडी, ते डोळ्यात खुपतं. आणि पहिले आठ-दहा दिवस दार लागता लागत नाही, आईला तर दार लावायचं म्हणजे व्यायामच झाला. चाचांनी दार ज्यात अडकतं तो लॉकचा खुंटा किंचित बाहेर सरकवला पण जास्त सरकवला तर रबर बसल्यावर दार खडखडेल म्हणाले, आणि ते बरोबर होतं, आता व्यवस्थित लागतं. रबराला ग्रीस किंवा ऑइल लावू नका, फुगून खराब होतं, सिलिकॉन स्प्रे मारा.

सगळं मिळून अकराशे गेले. जुलैत परत इगतपुरी केली, तुफान पाऊस, मॅटिंग कोरडं आणि शिट्टी पण बंद. पाचपैकी चार, एक त्या सात वाजण्याचा कापला. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात अजून पाणी साठतंय, ते मागच्या लाइटच्या गॅस्केटमधून येतंय असं चाचांचं म्हणणं, गणपती झाले की या म्हणालेत.