बोलका की मुका?

परवा कोल्हापुरात मित्राच्या घरी दोन लघुपट पाठोपाठ बघितले. दोन्हींत बाप दारुडा, पोरगं आठ-नऊ वर्षांचं. पहिल्यातलं पोरगं बोलतं. "आई, आपण मामाकडं जाऊया का?" इथवर ठीक, पुढं मात्र भाषणच.

दुसऱ्यात एक शब्द नाही. दाराची कडी वाजते, पोरगं हातातला घास ताटात परत ठेवतं, चपला बोटांत अडकवून मागच्या दारानं सटकतं. मी तिथंच आवंढा गिळला. अर्धी भाकरी ताटात तशीच.

याच गावात दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' हा चित्रपट मुकाच काढला, पण तेव्हा इलाजच नव्हता. इथं गप्प राहणं निवडलंय.

बोलक्यातल्या आईचा आवाज छान आहे, हे खरं. पुन्हा बघायचा तर मुकाच.