फोर्ज्ड की कास्ट? गोल्फच्या आयर्नचा सेट बदलण्याआधी मान वाकते का ते विचारा

आमच्या गोल्फच्या ग्रुपमधले दोघंजण सध्या आयर्नचा, म्हणजे धातूच्या पातळ हेडच्या काठ्यांचा, सेट बदलायच्या बेतात आहेत. एकाचा हँडिकॅप १६, दुसऱ्याचा २८ (आकडा जितका कमी तितका खेळ चांगला). दोघांनाही फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, हवाय आणि दोघंही मला विचारतात, कारण सहा वर्षांपूर्वी मी कास्ट, म्हणजे ओतीव, सोडून फोर्ज्डवर आलो तो तिथेच राहिलो. तरीही दोघांना माझं उत्तर वेगवेगळं आहे. का, ते एकदा नीट लिहून काढतो.

माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्हाला तेवढं वजा करता येईल. भोसरीत फोर्जिंगच्या कामात माझी पंचवीस वर्षं गेली. लाल तापलेलं बिलेट (धातूचा ठोकळा) डायमध्ये (साच्यात) ठेवायचं, घाव बसला की फ्लॅश (कडेनं बाहेर आलेला जादा धातू) कापायचा, हे रोज डोळ्यांसमोर. क्रँकशाफ्ट फोर्ज केला की धातूचे तंतू वळणाबरोबर वळतात आणि म्हणून तो वर्षानुवर्षं पीळ सोसतो, हे मला पाठ आहे. त्यामुळे जपानी कंपनी मिझुनो हिरोशिमात एकाच बिलेटमधून हेड आणि मान (हेड दांड्याला जोडणारा भाग) दोन्ही घडवते आणि त्याला ‘ग्रेन फ्लो फोर्ज्ड’ म्हणते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आतून खूश झालो होतो. आपल्या ओळखीचं काम कुणीतरी इतक्या प्रेमानं करतंय असं वाटलं.

पण क्रँकशाफ्टचं गणित आयर्नला लागू होत नाही, हे मान्य करायला मला वेळ लागला. चेंडू फेसला, म्हणजे हेडच्या पुढच्या सपाट बाजूला, चिकटून असतो तो सेकंदाच्या दोन हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ. तेवढ्यात त्याला हा धातू ठोकून घडवलाय की ओतून, हे कळायला मार्ग नाही. त्याला कळतं ते हेडचं वजन कुठे वाटलंय, फेस किती पातळ आहे, सोल (हेडचा तळ) किती रुंद आहे आणि लॉफ्ट (फेस मागे किती कललाय तो कोन) किती आहे. ‘फोर्ज्डने बॉल मऊ लागतो’ असं आपण म्हणतो, त्यातला बराचसा मऊपणा कानाचा असतो. कानात प्लग घालून सरावाच्या रेंजवर दहा-बारा बॉल मारून बघा. मी मारले होते. मधोमध बसलेल्या शॉटमध्ये मला दोन्ही सेट वेगळे ओळखता आले नाहीत. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हती, पण माझ्यापुरती पुरेशी होती.

फरक पडतो तो आकारातून, आणि आकार ठरतो बनवण्याच्या पद्धतीवरून. कास्ट हेड म्हणजे मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचं कवच, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत स्टील ओतायचं. आपल्याकडे पंचधातूच्या मूर्ती ओततात ती मुळात हीच पद्धत. त्यामुळे मागची खोल पोकळी, कडेला सरकवलेलं वजन, पातळ फेस असं काहीही करता येतं. कार्स्टन सोल्हाइम हा जनरल इलेक्ट्रिकमधला इंजिनिअर. त्याने पिंग ही कंपनी काढली, कडेला वजन देण्याची कल्पना लावून धरली आणि १९८२ साली पिंग आय २ हा आयर्न बाजारात आणला. मधोमध न लागलेला बॉलही बऱ्यापैकी पुढे जातो, हे सुख सामान्य खेळाडूला त्या वाटेनं मिळालं. फोर्जिंगमध्ये इतक्या गुंतागुंतीचा आकार एका घावात निघत नाही; पोकळी हवी तर नंतर मिलिंग करावं लागतं, खर्च वाढतो.

कास्ट म्हणजे शिकाऊ लोकांचं, असंही नाही. बब्बा वॉटसनने २०१२ आणि २०१४ ची मास्टर्स स्पर्धा पिंगच्या आयर्नवर जिंकली, आणि ती कास्ट होती. टायगर वुड्सने २०१९ ची मास्टर्स जिंकली ती फोर्ज्ड ब्लेडवर (मागे पोकळी नसलेल्या बारीक आयर्नवर). त्या पातळीवर दोन्ही चालतात.

आता आपल्या पातळीवर येऊ. २८ वाल्या मित्राला मी पहिल्यापासून कास्टच घे म्हणतोय. त्याचा बॉल फेसवर कुठे लागतो ते मी पाहिलंय: कधी टोवर (हेडच्या टोकाकडे), कधी होझलजवळ (मानेजवळ), आणि दर तिसरा फॅट (बॉलच्या आधी जमिनीला लागलेला). त्याला रुंद सोल हवा, जो जमिनीत रुतत नाही. त्याला ऑफसेट (मानेपेक्षा थोडा मागे असलेला फेस) हवा आणि मागे खोल पोकळी हवी. बारीक सोलचा फोर्ज्ड ब्लेड हातात दिला तर टोवर लागलेला शॉट पंधरा-वीस यार्ड आधीच पडेल आणि बॉल बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) असेल. ‘ब्लेडवर शिकलं की स्विंग सुधारतो’ असं जुने सभासद सांगतात. स्विंग सुधारतो तो मास्तर आणि सरावामुळे. ब्लेड फक्त चूक झाल्याचं मनगटाला कळवतो, ती कशी दुरुस्त करायची ते सांगत नाही.

सिंगल (एक आकडी) हँडिकॅपवाल्यांबद्दल जास्त लिहीत नाही, त्यांना आपलं काय हवं ते माहीत असतं. बॉल कमी उंचीवर काढायचा, मुद्दाम वळवायचा आणि प्रत्येक वेळी स्पिन तोच हवा, असं असेल तर पातळ टॉपलाइनचा (हेडच्या वरच्या कडेचा) फोर्ज्ड त्यांना ते देतो.

प्रश्न उरतो मधल्यांचा, १० ते २० वाल्यांचा. आपल्यातले बहुतेक तिथेच आहेत. मी कास्टवर होतो तेव्हा १८-१९ होतो. सेट चांगला होता, पातळ फेसचा, आणि पहिल्या दिवशी ७ आयर्न १५० यार्ड गेला तेव्हा मी हरखून गेलो. नंतर लक्षात आलं की त्यातला बराच भाग लॉफ्टचा आहे; लॉफ्ट कमी की बॉल लांब. टायटलिस्ट कंपनीचंच उदाहरण घ्या: फोर्ज्ड टी१०० च्या ७ आयर्नचा लॉफ्ट ३४ अंश, मारायला सोप्या टी३५० चा २९. पाच अंशांचा फरक म्हणजे एका अख्ख्या क्लबपेक्षाही थोडा जास्त. ‘फोर्ज्ड घेतला आणि अंतर घटलं’ अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी दोन्ही सेटचे लॉफ्ट शेजारी शेजारी मांडून बघावेत. कास्टवर असताना अधूनमधून माझा एखादा शॉट उगाच बारा-पंधरा यार्ड जास्तही जायचा आणि ग्रीनच्या मागे पडायचा. पण एवढ्यासाठी मी सेट बदलला नसता.

बदलला तो लायसाठी, म्हणजे क्लबचा दांडा जमिनीशी करतो त्या कोनासाठी.

माझी उंची पाच फूट पाच इंच, आणि हात उंचीच्या मानाने लांब. दुकानातला तयार सेट माझ्यासारख्याला जास्त अपराइट (उभा) पडतो. क्लब जमिनीवर टेकवला की टो वर राहतो आणि हील (मानेकडची बाजू) टेकते. टो वर राहिला की उजव्या हाताने खेळणाऱ्याचा फेस डावीकडे बघतो. दोन वर्षं माझे वेज (जवळच्या शॉटचे जास्त लॉफ्टचे क्लब) आणि ९ आयर्न डावीकडे जात होते आणि दोन वर्षं मी स्विंग दुरुस्त करत होतो. ग्रिप बदलली, बॉलची जागा बदलली, खांदे उघडले, धडे घेतले. मास्तर म्हणायचे हात लवकर फिरतात. मीही तेच मानत होतो.

ओळखलं ते माझ्या नेहमीच्या कॅडीने. तेराव्या होलवर, फेअरवेच्या मधून मारलेला वेज पुन्हा डाव्या बंकरमध्ये गेल्यावर तो डिव्हटपाशी (शॉटने उखडलेल्या गवताच्या खुणेपाशी) खाली वाकला आणि म्हणाला, "साहेब, इकडं बघा. तुमच्या बाजूला खोल खणलंय आणि पुढच्या बाजूला गवत नुसतं खरचटलंय. तुमचं हात बरोबर हाय, काठी वाकडी हाय." त्या संध्याकाळी मी बॉलच्या मागच्या बाजूला मार्करनं उभी रेघ मारून सात-आठ शॉट मारले. चांगला लाय असेल तर फेसवर रेघेचा ठसा उभा उमटतो. माझा प्रत्येक ठसा तिरका होता, आणि सगळे एकाच बाजूला.

हिशेब सोपा आहे. लाय जितका चुकलाय, त्याला लॉफ्टच्या टँजंटने गुणायचं, म्हणजे फेस किती बाजूला बघतोय ते कळतं. माझा लाय ३ अंश चुकलेला होता. ४६ अंशांच्या वेजला ती चूक ३ अंशांच्या थोडी वरच जाते, म्हणजे ११० यार्डांवरून सुमारे ६ यार्ड डावीकडे. ३४ अंशांच्या क्लबला ती २ अंशांवर येते. म्हणून माझे लांब आयर्न बरे जायचे आणि सगळ्यात सोपा शॉट, वेज, हाच सगळ्यात वाईट जायचा. दोन वर्षं मी ज्याला मनाचा कमकुवतपणा समजत होतो, ती नुसती भूमिती होती.

मग सेट घेऊन वाकवायला गेलो. क्लबच्या मानेला पकडून लाय-लॉफ्टच्या यंत्रावर वाकवतात, तुम्ही पाहिलं असेल. त्या माणसाने हेड हातात घेतलं, चुंबक लावून पाहिलं, मागचा शिक्का वाचला आणि परत दिलं. "१७-४ स्टेनलेस आहे. एखादा अंश जाईल. तीन मागितलेत तर मान तुटेल, आणि मग माझ्या नावाने ओरडू नका." मी आग्रह केला नाही. १७-४ म्हणजे साधारण १७ टक्के क्रोमियम, ४ टक्के निकेल, आणि उष्णतेच्या प्रक्रियेनं कडक केलेलं स्टील. ते सहज वाकत नाही हे मला तरी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. विकणाऱ्यानेही सेट देताना माझी उंची विचारली नव्हती, मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं नव्हतं. ती खंत आजही आहे. एक टेप आणि दोन मिनिटं लागतात.

फोर्ज्ड हेड साधारणपणे १०२५ किंवा जपानी एस२५सी सारख्या कमी कार्बनच्या स्टीलचं असतं. त्यात कार्बन पाव टक्क्याच्या आसपास. तेच मऊ स्टील, जे मी आयुष्यभर हाताळलं. फोर्ज्ड कॅव्हिटी बॅकचा (मागे पोकळी असलेला) सेट घेतला, त्याच माणसाकडे गेलो, आणि एकेक क्लब यंत्रात लावून त्याने पाऊण तासात अख्खा सेट ३ अंश फ्लॅट (आडवा) करून दिला. त्या रविवारी पहिला वेज सरळ गेला. मी बराच वेळ त्या पिनकडे बघत उभा होतो.

इथे पिंगच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यांची आयर्न कास्ट असूनही ती लायप्रमाणे रंगीत ठिपक्यांत येतात: काळा म्हणजे स्टँडर्ड, लाल फ्लॅट, निळा अपराइट. मोजमाप करून योग्य ठिपक्याचा सेट मागवला तर माझी अडचण तुम्हाला येणारच नाही. मऊ कार्बन स्टील ओतून केलेली हेडही मिळतात, ती बऱ्यापैकी वाकतात. म्हणजे खरा प्रश्न मान वाकते का, हा आहे. तरी एकाच बिलेटमधून घडवलेला फोर्ज्ड घेतला की तो विचारावा लागत नाही. उलट बाजूने, नुसता ‘फोर्ज्ड’ शिक्का पाहूनही हुरळून जाऊ नका. टेलरमेडच्या पी७९० सारख्या पोकळ हेडमध्ये फेस फोर्ज्ड असतो आणि बॉडीचं स्टील वेगळं. क्लब म्हणून ती चांगली आहेत, पण वाकवण्याआधी विचारून घ्या.

फोर्ज्डचा त्रास आहेच. जे वाकवता येतं ते आपोआपही वाकतं. रेंजवरच्या मॅटखाली सिमेंट असतं आणि मऊ मानेला ते जाणवतं. दोन वर्षांनी तपासलं तेव्हा माझ्या ८ आणि ९ आयर्नच्या लॉफ्टमध्ये फक्त अडीच अंशांचं अंतर उरलं होतं. तेव्हापासून दर पावसाळ्यानंतर सगळा सेट तपासून घेतो. रफमधल्या मुरमाने सोलवर खड्डे पडतात, आणि क्रोम उडालं की जुलै-ऑगस्टमध्ये तिथे गंज धरतो. बॅग ओली ठेवून चालत नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत तर त्याहून जास्त जपावं लागेल. स्टेनलेस कास्टला यातलं काही नाही. आणि किंमत जास्त, हे वेगळं सांगायला नको. टोवर लागलेला शॉट जुन्या सेटपेक्षा माझा आजही थोडा आखूड पडतो, पण सरळ आखूड पडतो, आणि तिथून चिप करून पार वाचतो. हँडिकॅप आता १३ आहे. त्यातलं किती श्रेय सेटचं आणि किती सरावाचं, हे मला वेगळं करता येणार नाही.

तर १६ वाल्या मित्राला मी सांगितलंय की फोर्ज्ड कॅव्हिटी बॅक घे, ब्लेडच्या नादी लागू नकोस, आणि खरेदीच्या पैशातून लाय-लॉफ्टचे पैसे आधी बाजूला काढून ठेव. त्याची उंची माझ्याएवढीच आहे. शाफ्टबद्दल (क्लबच्या दांड्याबद्दल) तो अजून घोळात आहे, आणि तो विषय हेडपेक्षा मोठा असल्याने त्यावर इथे लिहीत नाही. २८ वाल्याला गेल्या शनिवारी टेप घेऊन मनगटापासून मोजलं. तो स्टँडर्डमध्ये बसतो, त्यामुळे त्याच्यासाठी कास्टविरुद्ध बोलायला माझ्याकडे काहीच नाही.

माझा जुना कास्ट सेट विकला नाही. पुतण्याने दोन वर्षांपूर्वी खेळायला सुरुवात केली, त्याला दिला. तो पाच फूट अकरा इंच. पहिल्याच दिवशी त्याच्या बॉलवर मार्करची रेघ मारली आणि फेस बघितला. ठसा सरळ उभा होता.