वायरगार्ड टनेल आठ महिने वापरल्यावर: १४२० की १४१२?

कोथरूडचं घर, हिंजवडीचं ऑफिस, दोन्हीकडे ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्सवरच्या मोफत प्रणालीचे राउटर आणि मध्ये वायरगार्ड, म्हणजे दोन्ही जाळी जोडणारा कूटबद्ध व्हीपीएन टनेल. वेगाबद्दल तक्रार नाही. डोकं खाल्लं ते एमटीयूनं, म्हणजे एक पॅकेट जास्तीत जास्त किती बाइटांचं असू शकतं त्या मर्यादेनं.

घरची फायबर लाइन पीपीपीओईवर (लॉगिन करून जोडणी देण्याची पद्धत) आहे, म्हणजे नेहमीच्या १५०० पैकी ८ बाइट आधीच गेले, हातात १४९२. वायरगार्डचा स्वतःचा बोजा (दर पॅकेटामागे जोडलेले जादा बाइट) आयपीव्ही४ वर ६० बाइट, आयपीव्ही६ वर ८०. डीफॉल्ट १४२० हा आकडा १५०० वजा ८० असा आलाय. टनेल व्ही४ वरून गेला तर पॅकेट १४८० चं, आरामात मावतं. पण ऑफिसच्या डोमेनला व्ही६ पत्ता जोडला आणि टनेल तिकडून जुळला, की तेच पॅकेट भरतं १५००. ८ बाइटांसाठी अडतं. राउटरच्या सेटिंगला कुणी हातही लावलेला नसतो, म्हणून शोधाशोध भलतीकडेच होते.

लक्षणं ठरलेली. पिंग जातं, एसएसएचनं दूरच्या मशीनवर लॉगिन होतं, मोठ्या लॉगवर कॅट (फाइल दाखवणारी कमांड) मारलं की स्क्रीन गोठते. ऑफिसकडून निघालेलं मोठं पॅकेट वाटेत टाकलं जातं आणि 'पॅकेट मोठं आहे' हा आयसीएमपी (जाळ्यातल्या अडचणी कळवणारा प्रोटोकॉल) निरोप एखादी फायरवॉल गिळते. पाठवणाऱ्याला पत्ताच नाही, तो तेच पुन्हा पाठवत बसतो. आयसीएमपी सरसकट बंद करणं म्हणजे सुरक्षा, हा समज कधी जाणार कोण जाणे.

मोजायचं असं: टनेलबाहेरच्या व्ही४ पत्त्यावर, तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४६४ बाइटांचं पिंग. २८ बाइट हेडरचे धरून १४९२ होतात. १४६४ जातं, १४६५ अडतं, म्हणजे हिशोब बरोबर. मग १४९२ वजा ८०, म्हणून दोन्ही टोकांना एमटीयू १४१२.

एवढ्यावर थांबू नका. राउटरमागचा लॅपटॉप एमएसएस (टीसीपीच्या एका पॅकेटातल्या डेटाची कमाल मर्यादा) १४६० च सांगतो, कारण त्याचं कार्ड १५०० चं. ओपनडब्ल्यूआरटीत एमएसएस क्लॅम्पिंगची (राउटरनं तो आकडा वाटेतच कमी करण्याची) खूण मुळात फक्त वॅन झोनला, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूला असते. वायरगार्ड ज्या झोनमध्ये टाकलाय तिथे ती स्वतः करावी लागते. टीसीपीडंपमध्ये (पॅकेटं बघायचं साधन) टनेलवरच्या सिन, म्हणजे जोडणी सुरू करणाऱ्या पॅकेटात व्ही४ साठी १३७२ (१४१२ वजा हेडरचे ४०) दिसलं की झालं. यूडीपीत एमएसएस नसतोच, त्याला याचा उपयोग शून्य.

सरळ १२८० ठेवा, असा सल्ला सर्रास मिळतो. चालतं, पण रोजच्या फायबरवर उगाच जास्त पॅकेटं. मोबाइल हॉटस्पॉटच्या प्रोफाइलला मात्र १२८० च बरं. त्याखाली उतरलात तर लिनक्स त्या इंटरफेसवरचं व्ही६ बंदच करतं.