पान्यांची पेटी आणि ‘बिझनेस मीटिंग’: आठ महिने वापरलेलं सॉफ्टवेअर

वाळूजला आमचं मशीन बनवायचं युनिट आहे. मशीन जर्मनीत विकलं की ते उभं करायला आमचे फिटर दोन-अडीच महिने तिकडे जातात. त्यांचे कागद मी बघतो. जुलै 2025 पासून त्यासाठी एक सॉफ्टवेअर घेतलंय, महिन्याला नऊ हजार रुपये. तक्रारी बऱ्याच असल्यामुळे नाव देत नाही.

पहिलाच फॉर्म भरताना गोंधळ झाला. प्रवासाच्या उद्देशाला चार पर्याय होते: मीटिंग, प्रशिक्षण, प्रदर्शन, इतर. ‘मीटिंग’ निवडलं की हिरवी खूण येते, परवानगीची गरज नाही. मी तेच निवडलं. शेजारी पैठणचा आमचा जुना फिटर बसला होता. तो म्हणाला, “साहेब, पान्यांची पेटी घेऊन चाललो म्हणल्यावर मीटिंग कशी काय?” तिथे ट्यूब पेटली. आपणच विकलेलं मशीन बसवायला माणूस पाठवला तर बारा महिन्यांत 90 दिवसांपर्यंत जर्मनीत सवलत आहे, पण तिथल्या रोजगार खात्याला आधी कळवावं लागतं, आणि व्हिसाच्या अर्जातही काम म्हणजे कामच लिहावं लागतं. ‘इतर’ निवडल्यावर हे सगळं नीट समोर आलं. म्हणजे सॉफ्टवेअरला ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा खाक्या!

पगाराच्या बाबतीत मात्र त्याने पैसे वसूल करून दिले. आमचा फिटर इथल्या हिशेबाने 41 हजार घेतो, म्हणजे साधारण 400 युरो. वर रोजचा 75 युरो भत्ता, स्लिपवर एका ओळीत ‘फॉरेन अलाउन्स’. जर्मनीत किमान वेतन 2025 मध्ये ताशी 12.82 युरो होतं. महिन्याचे 160 तास धरले तर 2,051. आम्ही निर्धास्त, कारण बेरीज 2,650 होत होती. पण युरोपातल्या नियमानुसार भत्त्यातला खर्चाचा भाग कोणता आणि पगाराचा कोणता हे स्पष्ट नसेल, तर अख्खा भत्ता खर्चाची भरपाई धरतात. मग हातात उरतात ते 400 युरो! सॉफ्टवेअरने हे लाल अक्षरात दाखवलं. राहायचा खर्च कंपनी वेगळा देतेच, म्हणून 60 युरो कामगिरी भत्ता, म्हणजे पगाराचा भाग, आणि 15 युरो जेवणखर्च अशी फोड केली. जानेवारी 2026 मध्ये किमान वेतन 13.90 झालं, तेव्हा पुढच्या फेरीला महिन्याला 24 युरो कमी पडतात हे त्याने आपणहून सांगितलं. कामगिरी भत्ता 65 केला.

दिवसांच्या मोजणीत मात्र भलताच घोळ. जूनमध्ये आमचा एक जण पोलंडला प्रदर्शनात 12 दिवस स्टॉलवर होता. तोच सप्टेंबरच्या 1 तारखेपासून जर्मनीला, 20 नोव्हेंबरपर्यंत. सॉफ्टवेअर म्हणे 81 दिवस झाले, 9 शिल्लक. त्याने प्रत्येक प्रोजेक्ट वेगळा मोजला होता. शेंगेनचे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले, 29 देश एकत्र धरतात. 180 दिवसांत 90, आणि येण्याजाण्याचे दोन्ही दिवस धरून. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने मोजलं तर 93! तिकीट चार दिवस अलीकडे घेतलं. दिवाळी तिकडे गेलीच होती, निदान चार दिवस लवकर घरी आला. सपोर्टला लिहिलं तर उत्तर आलं, “नोंद घेतली आहे.” अजून घेतातच आहेत.

सीओसीची, म्हणजे ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ची, आठवण मात्र वेळेवर येते. भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार 1 मे 2017 पासून लागू आहे. ईपीएफओचं हे प्रमाणपत्र असलं की 48 महिन्यांपर्यंत तिकडचं पेन्शनचं अंशदान भरावं लागत नाही, पीएफ इथेच चालू राहतो. अर्ज आपणच भरायचा. आमच्या दोघांचं नाव यूएएनवर, म्हणजे पीएफच्या नोंदीत, वडिलांच्या नावासकट, पासपोर्टवर त्याशिवाय. चूक आमच्याच नोंदीची, दुरुस्तीला तीन आठवडे गेले. सॉफ्टवेअर घेतलं त्याच दिवशी नावं जुळवून घ्या.

183 दिवसांहून जास्त राहिलं तर तिकडचा इन्कम टॅक्स लागू शकतो, त्याचा इशारा दीडशेव्या दिवशी येतो. आमचा कोणी तिथवर पोचलाच नाही.

वर्गणीची मुदत वाढवली आहे, पण दिवस पेन्सिलीनेच मोजतो. मार्चमध्ये दोघे पुन्हा निघतायत. या वेळी ‘इतर’ निवडून पुढे मी स्वतः ‘मशीन उभारणी’ टाइप केलंय, आणि पेटीतल्या पान्यांची यादीही जोडली आहे.