क्रूझला जायचं तर जहाजासाठी जा: सिंगापूर–पेनांग–फुकेत सफरीचा अनुभव

सिंगापूरहून सुटून मलेशियातल्या पेनांगला आणि थायलंडमधल्या फुकेतला थांबणारी आणि परत सिंगापूरला आणून सोडणारी चार रात्रींची क्रूझ आम्ही नुकतीच केली. आम्ही म्हणजे मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. कर्वेनगरला आमचं पोळी-भाजी केंद्र आहे. डबा न्यायला येणारे बरेच जण विचारतायत, ‘कशी झाली क्रूझ? आम्ही जाऊ का?’ म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

माझं मत असं की जहाजावर राहायला म्हणून जाणार असाल तर पैसे वसूल आहेत. पेनांग आणि फुकेत बघायचं असेल तर सरळ विमानाने जा, कारण बंदरात हाताला लागतात ते मोजके तास. आमच्या ओळखीतले जे क्रूझहून नाराज होऊन आले ते सगळे ‘काही बघायलाच मिळालं नाही’ म्हणणारे होते. ज्याच्या हाताला रोज काम आहे, सकाळी उठल्यापासून ‘आज काय करायचं’ हा प्रश्न ज्याच्या डोक्यात असतो, त्याला मात्र अशी विश्रांती दुसरीकडे मिळणं कठीण. सासूबाईंनी पन्नास वर्षं घर रांधलं. टेबलावर बसल्यावर समोर गरम सूप आलं आणि उठल्यावर ताट कुणीतरी नेलं, हे त्या अजून सांगतात.

कंपनीचं आणि एजंटचं नाव लिहीत नाही. त्या बंदरातून वेगवेगळ्या कंपन्यांची जहाजं सुटतात आणि मी सांगतेय त्यातलं बहुतेक सगळीकडे लागू पडतं.

आधी पैशांचं. एजंट सांगतो त्या आकड्यात केबिन, मुख्य जेवणं, शो आणि स्विमिंग पूल येतं. बंदराचे कर, सर्व्हिस चार्ज (म्हणजे जहाजावरच्या कामगारांची टिप), वाय-फाय, कोल्ड्रिंकसुद्धा बहुतेक ठिकाणी वेगळं. आम्हाला दिलेल्या कोटेशनमध्ये बंदराचे कर आणि सर्व्हिस चार्ज घातलेच नव्हते, ते पैसे भरायच्या वेळी निघाले. सर्व्हिस चार्ज माणशी रोज १५ ते २० अमेरिकन डॉलरच्या आसपास असतो, तिघांचा हिशोब केलात तर तो लहान आकडा नाही. तेव्हा ‘सगळं धरून किती’ हे लेखी घ्या. सिंगापूरच्या शाळांच्या सुट्ट्या जून आणि नोव्हेंबर-डिसेंबरात असतात, तेव्हा दर चढतात. आपल्या दिवाळीच्या सुट्टीतही तेच.

व्हिसाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जहाज सिंगापूरच्या बाहेर जाऊन परत आत येतं, म्हणजे तुम्ही सिंगापूरमध्ये दोनदा शिरता. मल्टिपल एन्ट्री व्हिसाच लागतो. मलेशिया आणि थायलंडला आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना व्हिसा लागत नव्हता, पण ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, आणि सिंगापूरचं कार्ड परत येतानाही भरायचं असतं. हे नियम बदलत राहतात, निघायच्या आधी एकदा तपासा.

आणि जहाज सुटायच्या दिवशी सकाळी सिंगापूरला उतरायचा बेत करू नका. पुण्याहून मुंबई विमानतळ गाठायचा, खंडाळ्याच्या घाटात कधी काय होईल सांगता येत नाही, त्यात विमान लेट. जहाज कुणासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी पोचा, हॉटेलचे पैसे जातील ते जाऊ द्या.

केबिन निवडताना एजंट फक्त ‘आतली की बाल्कनीची’ एवढंच विचारतो. त्यापेक्षा केबिन कुठे आहे हे महत्त्वाचं. जहाज हलतं ते टोकांना आणि वरच्या मजल्यांवर जास्त, मधोमध आणि खालच्या डेकवर कमी. डेकचे नकाशे कंपनीच्या साइटवर असतात. तुमच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे ते त्यात बघा. वर पूल असेल तर पहाटेच खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, खाली नाचगाण्याचा हॉल असेल तर मध्यरात्रीपर्यंत झोप नाही. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त केबिन असते, त्यात जागा कंपनी ठरवते. तरुण मुलांना ठीक, म्हाताऱ्या माणसांबरोबर नको. तिघं एका केबिनमध्ये राहणार असाल तर तिसरा पलंग सोफ्याचा आहे की भिंतीतून खाली येणारा वरचा बर्थ, हे विचारून घ्या. गुडघे दुखणाऱ्या बाईला शिडीवर चढवणार का तुम्ही?

आमची बाल्कनीची केबिन मधोमध होती. खोली लहान, बाथरूम तर अगदीच लहान, पण प्रत्येक वस्तूला जागा केलेली. पलंगाखाली रिकाम्या बॅगा जातात. इस्त्री आणि इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. चहासाठी आपले लोक किटली हटकून नेतात आणि ती आगीच्या भीतीने काढून घेतात, उतरताना परत देतात. चहा चोवीस तास वर मिळतो. दूध वेगळं मागून घ्यायचं, नाहीतर पावडर येते.

मोठ्या बॅगा टर्मिनलवरच घेतात आणि संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. म्हणून औषधं, पासपोर्ट, एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवा. सासूबाईंसाठी व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती, टर्मिनलपासून केबिनपर्यंत एका मुलाने सोडलं, काही त्रास नाही.

सुटण्याआधी सुरक्षेचा सराव होतो. तो चुकवू नका, टाळता येतही नाही. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाल्यावर १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१२ मध्ये इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली तेव्हा नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम कडक झाला: सराव जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. आपली जमण्याची जागा कुठली ते कार्डावर लिहिलेलं असतं. आम्ही सासूबाईंना तिथपर्यंत एकदा चालवून आणलं.

आता जेवण. यात मी जरा जास्त बोलणार.

दोन प्रकारची जागा असते: वरच्या डेकवर बफे आणि खाली मोठा डायनिंग हॉल. पहिल्या दुपारी सगळे बफेवर तुटून पडतात. तेव्हा डायनिंग हॉल उघडा असेल तर तिकडे जा, शांतपणे बसून जेवाल. या मार्गावर भारतीय प्रवासी भरपूर असल्याने भारतीय पदार्थांचा वेगळा कोपरा होता. डाळ रोज चांगली होती, फोडणी नीट बसलेली, जिरं जळलेलं नाही. भाज्यांची ग्रेव्ही मात्र दोन दिवसांत ओळखीची झाली, पनीर असो की कोबी, लाल वाटण तेच. सकाळी इडली आणि सांबार, सांबार पातळ. नान दुपारी मऊ, रात्री बफेच्या दिव्याखाली राहून चामट. दही उत्तम. फळं, ब्रेड, केक फार छान, आणि ते तिथेच भाजलेले.

पोळी मिळाली नाही आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. जहाजाच्या किचनमध्ये गॅस नसतो, आगीच्या भीतीने सगळं विजेवर आणि वाफेवर चालतं. आचेवर फुलका फुगवायचा प्रश्नच येत नाही.

सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. ते बुकिंगच्या वेळीच कळवलं होतं. पहिल्या रात्री हेड वेटर स्वतः टेबलाशी आला, दुसऱ्या दिवशीचं मेनूकार्ड त्यांच्यासमोर धरलं आणि यातलं काय करून देऊ ते विचारून गेला. नंतर रोज तेच. जैन जेवण लागणाऱ्यांनीही असंच आधी कळवावं, आयत्या वेळी बफेवर शोधत बसू नये.

मला किचन बघायचं होतं. काही जहाजांवर ही फेरी फुकट असते, काही ठिकाणी पैसे घेतात. आम्ही पैसे भरले आणि मला ते या सगळ्या सफरीतले सर्वांत सार्थकी लागलेले पैसे वाटतात. प्रत्येक पदार्थाचा मोठा फोटो भिंतीवर लावलेला, कारण सगळ्या ताटल्या तशाच दिसायला हव्यात. चिरायच्या पाटांना रंग ठरलेले, मांसाचा वेगळा, माशाचा वेगळा, भाजीचा वेगळा. स्टीलच्या फळ्यांना पुढून कठडे, जहाज हललं तर भांडी घसरू नयेत म्हणून. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली, गरम ५७ च्या वर, आणि दर थोड्या वेळाने कुणीतरी सळईसारखा थर्मामीटर खुपसून आकडा लिहून घेतंय. प्रत्येक डब्यावर केव्हा काढला आणि केव्हा टाकायचा याची चिठ्ठी. आमच्या केंद्रात पाटांचे रंग आणि चिठ्ठ्या आता सुरू केल्यात.

बेकरीत गुहागरकडचा एक मुलगा भेटला. मी मिस्टरांशी बोलत होते ते ऐकून वळला. ‘काकू, पुण्याच्या का?’ मग काय, त्याने पीठ मळायचं यंत्र दाखवलं, पीठ फुगायला ठेवायची ऊबदार पेटी दाखवली. रात्री कामाला लागायचं तेव्हा सकाळचा ब्रेड होतो. माझा धंदा कळल्यावर विचारतो, ‘तुमचा गोळा किती ग्रॅमचा?’ म्हटलं, ३५. ‘आमचा बन ५० चा,’ म्हणाला आणि हातावर एक गोळा घेऊन, वजनकाट्यावर न ठेवता, दुसरा त्याच्या शेजारी तोडून ठेवला. दोन्ही काट्यावर ठेवून बघितले, एक ग्रॅम इकडेतिकडे. सहा-सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मधे एकही घरची सुट्टी नाही. खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती द्यावी लागते, म्हणजे उरलेल्यात १४ तासांपर्यंत काम असू शकतं. पोळ्या लाटणाऱ्या आमच्या बायका आठ तासांनी खांदे धरतात, तेव्हा हे काय असतं त्याची मला कल्पना आहे.

म्हणून दोन गोष्टी हात जोडून सांगते. आपल्याकडचे काही प्रवासी शेवटच्या दिवशी काउंटरवर जाऊन सर्व्हिस चार्ज काढून घ्यायला लावतात. तसं करू नका. केबिन आवरणाऱ्या मुलाला वर थोडे रोख हातात द्या. आणि बफेवर बसेल तेवढंच वाढून घ्या. भरलेल्या ताटल्या तशाच सोडून उठलेली टेबलं बघवत नव्हती. उरलेलं अन्न बारीक दळून किनाऱ्यापासून दूर समुद्रात सोडतात, ते परत कुणाच्या पोटात जात नाही.

बंदरांबद्दल थोडक्यात. पेनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला थेट लागतं. तिथे सहलीचे पैसे भरू नका, तिथल्या जॉर्जटाऊन शहराची जुनी वस्ती चालत जाण्यासारखी आहे. २००८ पासून ती युनेस्कोच्या यादीत आहे. क्वीन स्ट्रीटवरचं मारिअम्मनचं मंदिर १८३३ चं, आजूबाजूला फुलांचे हार आणि मसाल्यांची दुकानं, जवळच कपितान केलिंग मशीद. ऊन फार, सकाळी लवकर उतरा. फुकेतला मोठं जहाज पातोंगच्या खाडीत नांगर टाकतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. बोट आणि जहाज दोन्ही हलत असतात, मधे पाऊल टाकायचं असतं. सासूबाई उतरल्या नाहीत आणि मीही त्यांच्याबरोबर थांबले. जहाज रिकामं, पूल रिकामा, बाल्कनीत दोघी दुपारभर बसलो. मिस्टर जाऊन आले, त्यांना गर्दी आणि दुकानं यापलीकडे काही सापडलं नाही.

फुकेतला उतरणाऱ्यांनी घड्याळ सांभाळा. थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे. आमचं जहाज सिंगापूरच्याच वेळेवर चाललं होतं, आणि मोबाईल मात्र तिथलं नेटवर्क मिळताच आपोआप तासाने मागे जातो. मोबाईल बघून परत आलात तर जहाज गेलेलं असेल. मनगटावर साधं घड्याळ लावा आणि ते बदलू नका.

जहाज जिच्यातून जातं ती मलाक्काची सामुद्रधुनी दोन्हीकडून जमिनीने झाकलेली आहे, तिथे पाणी बहुतेक शांत. फुकेतच्या बाजूला मे ते ऑक्टोबर पावसाळी वाऱ्यामुळे लाटा उठतात, छोट्या बोटी रद्दही होऊ शकतात. मळमळीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून न्या, विशेषतः बीपीची औषधं चालू असतील तर. आमचं काम आलेपाकावर आणि क्षितिजाकडे बघत मोकळ्या हवेत बसण्यावर भागलं. जेवणाआधी हात साबणाने धुवा. उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस जहाजावर झपाट्याने पसरतो आणि नुसत्या सॅनिटायझरने तो नीट जात नाही.

समुद्रात मोबाईल फ्लाइट मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर येणारं बिल भयंकर असतं. वाय-फाय घ्यायचं तर एकाच फोनवर घ्या.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे आधी बाजूला काढा. बिल त्याच रात्री टीव्हीवर दिसतं. बघून घ्या. आमच्या नावावर न घेतलेल्या दोन ज्यूसचे पैसे होते. रात्री अकराला काउंटरवर गेलो, पाच मिनिटांत काढून दिले. सकाळी त्याच काउंटरवर जिन्यापर्यंत रांग होती.