एकट्याने, ग्रुपमधे की जेवणानंतर कॉलनीत? चालण्याचा आमच्या जळगावातला हिशेब

मागच्या महिन्यात धुळ्याहून मावसभावाचा फोन आला. म्हणे, "काय भो, रिपोर्ट आलाय, एचबीएवनसी ६.१, डॉक्टर म्हणता रोज चाला, पण कसं चालू, कधी चालू ते काही सांगत नाही, लगेच पुढच्या पेशंटला बोलावून घेतलं." एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा. आता तो ५.७ ते ६.४ म्हणजे शुगर काठावर, अजून डायबेटिस नाही पण दारात येऊन उभा आहे. मी चार वर्षांपासून चालतोय आणि चालण्याचे जवळपास सगळे प्रकार करून, सोडून, परत धरून झालेत, म्हणून त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय. वय पंचेचाळीस-पन्नास, बसून काम, आणि संध्याकाळी शेवभाजी समोर आली की हात थांबत नाही, अशा कुणालाही लागू पडेल.

आधी किती चालायचं ते बघू. दहा हजार पावलांचा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसलाय, तो कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५ साली जपानमधे पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं मीटर असं होतं, तिथून तो आकडा जगभर गेला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास धरला तरी खालची हद्द गाठली. मध्यम जोर म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागला पाहिजे, मिनिटाला साधारण शंभर पावलं. ही शंभर पावलांची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं अडतं.

तर पहिला प्रकार, पहाटे एकट्याने. आमच्याकडे त्यासाठी मेहरूण तलाव, तोच, ज्याच्या नावाची बोरं सगळीकडे विकली जातात. सकाळी पाणी एकदम शांत असतं, बगळे असतात, मोकळी हवा असते, आणि मुख्य म्हणजे कुणी अडवत नाही. अर्ध्या तासात माझे आरामात तेहतीसशे पावलं होतात, घाम येतो, घरी येईपर्यंत डोकं साफ. तब्येतीचा निव्वळ हिशेब केला तर हाच नंबर एक. पण याचे दोन घोळ आहेत. एक म्हणजे आपलं खान्देशचं हवामान. मे महिन्यात सूर्य पावणेसहालाच उगवतो आणि सातला तर ऊन टोचायला लागतं, दुपारी पारा ४४-४५ वर, म्हणजे चालायचं तर साडेपाचला घर सोडायला पाहिजे, आणि रात्री उकाड्याने झोप लागलेली असते दीड वाजता. जानेवारीत उलटं, सात वाजले तरी सूर्य वर येत नाही आणि थंडी अशी की रजई सोडवत नाही. दुसरा घोळ असा की एकटा माणूस नाही गेला तर कुणाला कळतच नाही. मी पहिल्या वर्षी दिवाळीच्या चार दिवसांसाठी सुट्टी घेतली ती संक्रांतीपर्यंत चालली, भरीताचा सिझन आख्खा घरात बसून काढला, आणि एकाही माणसाने विचारलं नाही की बाबा रे कुठे आहेस.

म्हणून मग ग्रुप. आमच्या उद्यानात सकाळी नऊ-दहा जणांचं टोळकं फिरतं, त्यात रिटायर रेल्वेवाले आहेत, दोन मास्तर आहेत, एक किराणावाला आहे आणि एक केळीचे बागायतदार काका आहेत ज्यांच्याकडे कुत्र्यांसाठी वेताची काठी आणि माणसांसाठी खिशात खडीसाखर असते. मी त्यांच्यात घुसलो आणि पहिले पंधरा दिवस एकदम खूश. मग एक दिवस घड्याळात बघितलं तर पंचावन्न मिनिटं झालेली आणि पावलं चौतीसशे. म्हणजे मिनिटाला बासष्ट! हे चालणं नाही, ही मिरवणूक आहे. कारण काय, तर किराणावाल्याला बोलताना थांबून समोरच्याचा दंड धरायची सवय आहे, तो थांबला की सगळे थांबता. केळीच्या भावावर चर्चा निघाली की आख्खी एक फेरी बाकावर बसून होते. आणि शेवटी गेटवरचे पोहे, कधी कधी कचोरी, म्हणजे जे जाळलं त्याच्या दुप्पट भरलं.

तरी ग्रुपला वाईट म्हणवत नाही, आणि त्याला कारण आहे. ऑगस्टमधे मला व्हायरल झाला, तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी पावणेसातला बेल वाजली, दारात पाच जण उभे, काकांच्या हातात केळीची आख्खी फणी. बायको गाऊनवर, घर पसरलेलं, दूध अजून यायचं होतं. "काय भो, कथा गायब?" म्हणजे कुठे गायब, असं म्हणत आत आले ते तासभर बसले, दोनदा चहा झाला, बायको आजही ते काढून बोलते. पण मी सातव्या दिवशी परत उद्यानात होतो ते त्या फणीमुळेच. आजारपणानंतर एकट्याचं चालणं सुटतं ना, ते सुटलं नाही.

आणि हे माझंच मत नाही. २०१५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी चालण्याच्या गटांवरचे ४२ अभ्यास एकत्र करून बघितले, मिळून १८४३ माणसं होती त्यात. ब्लड प्रेशर, बसल्या जागचे हृदयाचे ठोके, अंगावरची चरबी, उदासपणा, सगळ्यात सुधारणा दिसली, लोकं टिकूनही राहिली. फक्त ते गट चालायचे, आमचा बसतो, एवढाच फरक.

बायकांच्या बाबतीत मात्र तुलनाच वेगळी होते, हे पुरुष लोकं विसरता. माझी वहिनी म्हणते तुम्हाला साडेपाचला एकट्याला तलावावर जाणं म्हणजे शांतता, मला तेच म्हणजे मंगळसूत्रावर एक हात ठेवून चालणं. अंधारात एकटी बाई, मागून गाडी स्लो झाली की जीव मुठीत. त्यांच्या कॉलनीतल्या सहा जणी मिळून जातात, सोनं घरी ठेवून, आणि गंमत म्हणजे त्या आमच्यापेक्षा जोरात चालतात, कारण परत येऊन डबे करायचे असतात, थांबायला वेळ कुणाला आहे. म्हणजे ग्रुप हळू चालतो हे जे मी वर लिहिलं ते पुरुषांच्या ग्रुपबद्दल खरं आहे असं समजा.

आता तिसरा प्रकार, ज्याला आपण प्रकार समजतच नाही, जेवणानंतरची शतपावली. माझ्या मते शुगरवाल्यांनी सगळ्यात आधी याचा विचार करावा. न्यूझीलंडमधे टाइप टू डायबेटिसच्या ४१ जणांवर प्रयोग झाला, २०१६ ला छापून आला. एकदा त्यांना दिवसातून कधीही सलग तीस मिनिटं चालायला लावलं, आणि एकदा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. एकूण वेळ तेवढाच. पण जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची शुगर सरासरी १२ टक्के कमी, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के कमी. कारण साधं आहे, पाय चालायला लागले की स्नायू रक्तातली साखर लगेच ओढून घेतात, आणि रात्री आपण सगळ्यात जड खातो आणि मग सगळ्यात जास्त लोळतो. आपल्याकडे रात्रीची तुरीच्या डाळीची खिचडी, वरून कच्चं तेल, पापड, आणि मग टीव्हीसमोर आडवं, हे चित्र काही वेगळं सांगायला नको.

शतपावलीत दम लागत नाही, त्यामुळे हृदयाचा व्यायाम म्हणून ती अर्धीच. पण ओळखीपाळखीचं म्हणाल तर ग्रुपपेक्षाही भारी, हे मला उशिरा कळलं. उद्यानातला ग्रुप म्हणजे गावभरचे लोकं, ते चांगले आहेत पण लांब राहता. कॉलनीत रात्री साडेनऊला बायकोबरोबर दोन गल्ल्या फिरलो तर समोरच्या बंगल्यातल्या आजी पायरीवर बसलेल्या दिसता, कोपऱ्यावरचा पोरगा मेडिकलच्या नीट परीक्षेचा अभ्यास करून वैतागून बाहेर आलेला असतो, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाची मोटर जळली, सगळं कळतं. नऊ वर्षं राहतोय तिथे, आणि शेजारच्या तिसऱ्या घरात कोण आहे ते मला शतपावली सुरू केल्यावर समजलं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्याकडून मांडे आले, खापरावरचे, अजून गरम. आणखी एक म्हणजे बायकोशी बोलणं होतं, घरात आम्ही फक्त "गॅस संपला" आणि "लाईटबिल भरलं का" एवढंच बोलायचो.

ट्रेडमिलबद्दल दोनच ओळी. घेतली होती, हप्त्यावर, पावसाळ्यासाठी. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे वर आले की छत धडधडतंय, आणि लाईट गेली की पट्टा पायाखाली जागच्या जागी थांबायचा, एकदा तोंडावर आपटता आपटता वाचलो. निम्म्याहून कमी भावात विकली. उन्हाळ्यात एसीत चालायचं असेल आणि घर तळमजल्यावर असेल तर विचार करा, पण तिथे भेटणार कोण, भिंत.

आणि पदयात्रा? हे आपल्याकडे कुणीतरी विचारतंच. चैत्रात वणीच्या गडावर पायी जाणाऱ्या आपल्या खान्देशच्या मंडळींना बघितलंय ना, उन्हामुळे रात्री चालतात, दिवसा झाडाखाली झोपतात, रस्त्यात लोकं ताक-पाणी घेऊन उभे. मुक्ताईची पालखी तर मुक्ताईनगरहून पंढरपूरला महिनाभर चालत जाते. माणसं जोडायच्या बाबतीत याच्यापुढे काहीच नाही, अनोळखी माणूस तुमच्या पायाचे फोड बांधून देतो. पण वर्षभर बसून एकदम चालायला निघायचं हे तब्येतीचं काम नाही. मी एकदा गेलो होतो, तयारीशिवाय, सँडल घालून. टाच अशी धरली की पुढचे दोन महिने सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की डोळ्यात पाणी. पदयात्रेला जायचं तर वर्षभराच्या चालण्याचं बक्षीस म्हणून जा.

तर निवड कशी करायची. माझी चूक अशी झाली की मी एकाच फेरीत दम पण मागत होतो आणि गप्पा पण. ते होत नाही. गप्पा रंगल्या की पाय मंदावतात, आणि पाय जोरात असले की गप्पा तुटतात. आता मी दोन्ही वेगळं केलंय. सोमवार ते गुरुवार तलावावर एकटा, अर्धा तास, मिनिटाला शंभराच्या वर, कानात काही नाही. शनिवार-रविवार ग्रुप, घड्याळ घरी, पोहे मंजूर, कचोरी नाही. रात्री रोज पंधरा मिनिटं कॉलनी, पाऊस असला तरी छत्री घेऊन. शुक्रवारी सकाळी काही नाही, शुक्रवारी झोपतो.

तुमचा प्रश्न शुगरचा असेल आणि वेळ अजिबात नसेल तर रात्रीचं आधी धरा, बाकी नंतर. वजन किंवा बीपी असेल तर जोरात चालण्याला पर्याय नाही. रिटायर झालात, पोरं पुण्याला, घरात दोघंच, तर डोळे झाकून ग्रुप, मग तो मिनिटाला बासष्टने का चालेना. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खिशात साखर ठेवा, चालताना शुगर एकदम उतरली तर लागते, आणि रात्री पायाचे तळवे बघत जा, फोड आलेला कळत नाही. चालताना छातीत दडपल्यासारखं झालं तर थांबा आणि आधी डॉक्टरकडे जा, ग्रुपमधल्या मास्तरांचा सल्ला घेऊ नका. बूट चांगले घ्या, सँडलचा किस्सा वर सांगितलाच.

मावसभावाने हे सगळं ऐकून घेतलं. त्याला म्हटलं तुमच्याकडे पांझरेच्या काठचा रस्ता आहे, सकाळी जा. तर म्हणे, "दुकान रात्री साडेनऊला बंद होतं भो, जेवायला दहा, सकाळी कुठून उठू." मग रात्रीचं धर म्हटलं. तर गल्लीत कुत्रे. परवा त्याचा परत फोन आला, आता तो आणि वहिनी जेवण झाल्यावर गच्चीवर फिरतात, शेजारच्या गच्चीवर गाद्या टाकून बसलेल्या लोकांशी भिंतीवरून बोलत बोलत. गच्ची एका बाजूने बावीस पावलं आहे. मोजलीय त्याने.