कार्यालयीन लॉगिनची दुसरी पायरी: एसएमएस, ॲप की सिक्युरिटी की?

कार्यालयाच्या संगणक यंत्रणेत शिरण्यासाठी हॅकरला बहुतेक वेळा काहीही फोडावे लागत नाही. कोणाचा तरी खरा पासवर्ड हाती लागला की तो पुढच्या दारानेच आत येतो. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइनची इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली. त्या हल्ल्यात वापरात नसलेल्या, पण बंदही न केलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याची सोय) खात्यातून प्रवेश मिळवला गेला होता आणि त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. दुसरी पायरी असायलाच हवी, हे आता वेगळे सांगायला नको. ठरवायचे आहे ते इतकेच की ती कोणती असावी.

एसएमएसने येणारा ओटीपी सर्वांच्या परिचयाचा असतो आणि त्यासाठी कोणाला काही शिकवावे लागत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पण येथे कार्यालयाची सुरक्षा मोबाइल कंपनीच्या काउंटरवर अवलंबून राहते. कोणी बनावट ओळख दाखवून त्या क्रमांकाचे नवे सिम मिळवले, तर ओटीपी थेट त्याच्याकडे जातो. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या पद्धतीला मर्यादित वापराच्या वर्गात टाकले. दुसरी पायरी अजिबात नसण्यापेक्षा एसएमएस निश्चितच बरा. मात्र नव्याने सुरुवात करणाऱ्याने तो निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑथेंटिकेटर ॲपमध्ये सिमचा संबंधच येत नाही. नोंदणीच्या वेळी क्यूआर कोडमधून एक गुप्त संख्या फोनमध्ये साठवली जाते आणि त्या संख्येची घड्याळाच्या वेळेशी सांगड घालून दर ३० सेकंदांनी साधारणपणे सहा अंकी कोड तयार होतो. त्यासाठी नेटवर्कही लागत नाही. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. लेखा विभागातील एखाद्या कर्मचाऱ्याला महिनाअखेरच्या घाईत ‘तुमचा मेलबॉक्स आज बंद होईल’ असा ईमेल येतो, लिंकवर नेहमीसारखेच पान उघडते, पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते, आणि तो पासवर्डपाठोपाठ ॲपमधील कोडही भरतो. पलीकडचा प्रोग्रॅम तोच कोड त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर भरतो. ३० सेकंदांची मुदत माणसाला अपुरी वाटते, प्रोग्रॅमला ती भरपूर होते.

‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ एवढेच विचारणारी सूचना फोनवर पाठवण्याची पद्धत याहून सोपी आहे, पण साधेपणामुळेच ती घातक ठरू शकते. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या खात्यावर वारंवार लॉगिनचा प्रयत्न झाला, प्रत्येक वेळी त्याच्या फोनवर विचारणा होत राहिली आणि अखेर त्याने एक मंजूर केली. ही पद्धत घ्यायचीच असेल, तर संगणकाच्या पडद्यावर दिसणारी संख्या फोनवर भरायला लावणारा पर्याय सक्तीचा करावा.

सिक्युरिटी की म्हणजे यूएसबीमध्ये बसणारे किंवा फोनला टेकवण्याचे छोटे उपकरण. नोंदणी करताना ते त्या संकेतस्थळापुरती डिजिटल किल्ल्यांची स्वतंत्र जोडी तयार करते आणि त्यातील खासगी किल्ली उपकरणाबाहेर जात नाही. लॉगिन करताना सर्व्हरने पाठवलेल्या मजकुरावर उपकरण त्या किल्लीने डिजिटल सही करते आणि ब्राउझर त्यात संकेतस्थळाचा पत्ता गुंफतो. पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला, तरी त्या पत्त्यासाठी किल्लीच नसते. बनावट पान ओळखण्याचा भार थकलेल्या माणसावर राहत नाही, आणि माझ्या दृष्टीने निर्णायक मुद्दा हाच आहे. २०२२ मध्ये ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना जवळजवळ सारखेच फसवे एसएमएस आले. ट्विलिओमध्ये हल्लेखोर आत शिरले. क्लाउडफ्लेअरच्या तीन कर्मचाऱ्यांनीही पासवर्ड भरले होते, पण तेथे प्रत्येकाकडे सिक्युरिटी की असल्यामुळे हल्ला तिथेच अडला.

तरीही सिक्युरिटी की घेणे म्हणजे एक व्यवस्था सांभाळणे आहे. प्रत्येकाला दोन उपकरणे द्यावी लागतात, कारण एक हरवणारच. काही जुनी सॉफ्टवेअर तिला ओळखतच नाहीत. याच तंत्रज्ञानावर चालणारी पासकी फोन किंवा लॅपटॉपमध्येच राहते, त्यामुळे वेगळे उपकरण लागत नाही. मात्र ती कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक खात्यातून इतर उपकरणांवर पोहोचू शकते, हे मान्य आहे का, याचा विचार आधीच व्हावा.

सर्वांना एकदम की देणे शक्य नसेल, तर ॲडमिन अधिकार असलेले, पैशांचे व्यवहार पाहणारे आणि बाहेरून यंत्रणेत येणारे कर्मचारी यांच्यापासून सुरुवात करावी व इतरांना तोवर ॲप द्यावे. की दिलेल्या खात्यावर एसएमएसचा पर्याय चालू ठेवू नये, कारण हल्लेखोर तोच निवडेल. ‘माझी की हरवली’ असा फोन आल्यावर हेल्पडेस्कने काय करायचे, हे की वाटण्याआधीच लिहून ठेवावे: त्याच कॉलवर नवा प्रवेश देऊ नये, नोंदीतील क्रमांकावर स्वतः फोन लावावा आणि वरिष्ठांकडून खात्री करून घ्यावी.